दोर कोण बांधणार?

मेलेलं जनावर दिसलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "कोनाचं हाय?" काय करायचं, हा प्रश्न त्यानंतरचा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा आपोआप सुटतो. ज्याचं त्यानं पाहावं. पण उत्तर "कोनाचंच नाई" असं आलं आणि जनावर तुमच्या वावरात पडलेलं असलं, तर तुम्ही अडकलात. कारण आता ते तुमचं आहे, आणि तुमचं नाहीही.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. मी पुण्यात नोकरी करते, पण दोन आठवडे घरून काम करायची परवानगी मिळाली होती म्हणून जूनच्या सुरुवातीला गावी आले होते. एक पाऊस पडून गेला होता, पेरणीला अजून वेळ होता. सकाळी शेजारचे धुरेकरी दारात येऊन सांगून गेले, "तुमच्या विहिरीपाशी गाय मरून पडली बाप्पा."

पांढरी गाय होती. बरगड्या मोजता येतील अशी. गावात दोन-तीन महिन्यांपासून फिरणाऱ्या मोकाट ढोरांपैकी एक. तिच्या कानाला एक फाटलेलं भोक होतं. सरकारी टोचणीच्या वेळी जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, त्यावर बारा आकडी नंबर असतो. त्या नंबरावरून मालक कळतो. कोणीतरी बिल्ला कापून काढला होता आणि मग तिला सोडून दिलं होतं. जखम जुनी होती, भरून आलेली. म्हणजे निर्णय घाईचा नव्हता.

बाबा त्या कानाकडे बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "ज्यानं सोडली, त्यालाही कोणीतरी परवडत नाही असंच सांगितलं असेल."

त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं तर आमच्या भागातली शेती पाहावी लागते. पूर्वी इथं ज्वारी असायची, म्हणजे कडबा असायचा. आता वावर सोयाबीनचं. सोयाबीनचं कुटार असतं, पण कडब्याची सर त्याला नाही. बैलांची कामं ट्रॅक्टरकडे गेली. गायीला १९७६ च्या कायद्यापासून संरक्षण होतंच. मार्च २०१५ मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि बैल, वळूही त्यात आले. म्हातारं किंवा भाकड जनावर विकण्याची वाट बंद झाली, पोसण्याची वाट मात्र कोणी तयार केली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट गुरं ५० लाखांवर निघाली. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, त्याच्या म्हातारपणाचा हिशेब आमच्या घरांत होत नाही. तो रात्री, दुसऱ्या गावाच्या शिवारात, अंधारात होतो.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा जनावर दगावल्यावर राज्य सरकारनं मदत दिली होती: गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. ज्याच्या दारात मेलं, त्याला. या गायीला दार नव्हतं.

सकाळी साडेआठपासून फोन सुरू झाले. ग्रामपंचायतीतून उत्तर मिळालं की जागा खाजगी आहे, तेव्हा जागामालकानंच पाहायचं. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, काही साथीचं असेल का? त्यांनी फोनवरच नीट प्रश्न विचारले. नाका-तोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय का? अंगावर गाठी आहेत का? तसं काही नव्हतं. "मग खोल पुरा, आणि अजिबात फाडू नका," ते म्हणाले. तालुक्याच्या गावी नेऊन टाकायचं का, असं मी विचारलं तर बाबांनी मान हलवली. मेलेली गाय टेम्पोत घालून रस्त्यानं न्यायला आज कोणी तयार होत नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना मारलं, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. ती गाय मेलेली होती, हे सांगून त्यांना काही उपयोग झाला नव्हता.

दहा वाजेपर्यंत विहिरीपाशी सात-आठ माणसं जमली. कडुनिंबाखाली बसून सगळे सल्ले देत होते. मग एकानं सहज, पाणी मागावं तसं म्हटलं, "त्यायले बोलवा ना."

त्यायले म्हणजे कोणाला, हे कोणी विचारलं नाही. गावात सगळ्यांना माहीत असतं. बाबांनी फोन लावला. नंबर जुना होता, उचलला मुलानं. तो शाळेत मला तीन वर्षं पुढे होता. आता त्याचं सेवा केंद्र आहे. अख्ख्या गावाचे पीकविम्याचे अर्ज तोच भरतो. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"काका, आमच्या बाबांनी ते काम सोडून वीस वर्षं झाली. विम्याचा अर्ज भरायचा असेल तर या."

आवाज चढला नव्हता. बाबा "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला. कडुनिंबाखाली कोणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "आता मस्ती आली त्यायले." त्यावरही कोणी काही बोललं नाही.

मला तेव्हा वाटलं की गेल्या शंभर वर्षांतलं सगळ्यात सरळ उत्तर आज आमच्या वावरात पोहोचलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा, असं सांगितलं. पुढे धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात त्यांनी याच वादाची आठवण सांगितली. हे काम सोडल्यानं कातड्याचं, शिंगांचं, हाडांचं किती उत्पन्न बुडतं, याचा हिशेब कोणी त्यांना मांडून दाखवला होता. त्यांचं उत्तर असं होतं की एवढा फायदा असेल तर तो तुम्ही घ्या, ढोरं तुम्ही ओढा, वरून पैसे मी देतो. तो सौदा घ्यायला कोणी पुढे आलं नाही. आमच्या कडुनिंबाखालीही आलं नाही.

आता तर हा फक्त स्वाभिमानाचा प्रश्न राहिलेला नाही, कायद्याचाही आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली दुरुस्ती जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला मेलेलं जनावर उचलायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला भाग पाडणं, हा त्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. आमच्या वयाच्या किती जणांना हे माहीत आहे, माहीत नाही. "त्यायले बोलवा ना" हे वाक्य मात्र सगळ्यांना येतं.

*

बाबा लहान होते तेव्हा गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची एक जागा होती. कातडं निघालं की उरलेलं गिधाडांचं. ते सांगतात, आभाळात एक ठिपका दिसायचा, मग पाच, मग चाळीस. मोठी झुंड असली तर तासाभरात बैलाचा सापळा उरायचा. वास सुटायलाही वेळ मिळत नसे. मी आयुष्यात आमच्या शिवारात एकही गिधाड पाहिलेलं नाही.

नव्वदच्या दशकात ती मरायला लागली, झपाट्यानं. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून ते पुढे आलं: डायक्लोफिनॅक. गुडघे दुखले की आपण घेतो तीच गोळी. ते स्वस्त झालं आणि जनावरांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. औषध दिल्यावर लवकरच मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतानं २००६ मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद केलं, पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकात हिशेब मांडला. जिथं पूर्वी गिधाडं भरपूर होती, त्या जिल्ह्यांत ती गेल्यावर माणसांचे मृत्यू वाढले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू. मेलेली ढोरं उघड्यावर कुजत राहिली, ती पाण्यात गेली, त्यांच्यावर कुत्री पोसली गेली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीज आला.

म्हणजे हे काम आपल्या वतीनं दोघं करत होते. एक पक्षी होता, त्याला आपण नकळत मारलं. दुसरी माणसं होती, त्यांना आपण जाणूनबुजून जुंपलं होतं आणि ती आता बाहेर पडली. पहिल्याचं दुःख व्हायला हवं, दुसऱ्याचा आनंद. कडुनिंबाखाली नेमकं उलटं चाललं होतं. गिधाडांबद्दल कोणाला काही वाटत नव्हतं आणि माणसांबद्दल राग होता.

*

दुपारी जेसीबी आला. ताशी बाराशे रुपये. चालवणारा वीस-बावीसचा पोरगा. त्यानं आधीच सांगितलं, "खड्डा म्हणसान तेवढा खोदून देतो, पन गायीले बकेट लावत नाई." विहिरीपासून लांब, वरच्या धुऱ्याजवळ खड्डा घ्यायचं ठरलं. म्हणजे गाय दीडशे-दोनशे पावलं ओढायची होती. धुरेकऱ्यांनी ट्रॅक्टर दिला. तेही म्हणाले, "ट्रॅक्टर न्या, पन दोर तुमचा तुमीच बांधा."

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. मशीन सगळे देतात. खड्डा मशीन खोदतं, ओढतं मशीन, माती मशीन लोटतं. पण मशीन आणि जनावर यांच्या मध्ये एक दोर असतो आणि तो हातानंच बांधावा लागतो. गावाची सगळी व्यवस्था, सगळी प्रगती, त्या दोन हातांच्या अंतरापाशी येऊन थांबते.

बाबांनी फवारणीच्या किटमधले हातमोजे काढले. दोन जोड होते. दुसरा मी घेतला. आई म्हणाली, "तू काहाले चालली?" मी म्हटलं, बाबांच्या एकट्यानं पाय उचलले जाणार नाहीत. ते खरंच होतं. पोट फुगलं होतं, पाय ताठरले होते. मागचे दोन्ही पाय एकत्र धरून मी उचलले आणि बाबांनी खुरांच्या वर दोराचे तीन वेढे घातले. हातमोज्यातूनही पायाचा गारवा कळत होता. पोटाखालचे केस ओले होते. शेपटीच्या टोकाला कोणीतरी कधीतरी बांधलेला निळा धागा होता. वास होता, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. माशा जास्त होत्या. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. ज्या पाच मिनिटांसाठी सकाळपासून गाव बसलं होतं.

खड्ड्यापाशी एक आजी आल्या. त्यांनी लांबून हळद-कुंकू वाहिलं, ब्लाउजपीस टाकला, हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. गायीला नमस्कार करायला सहाजण पुढे आले. खड्डा आठ फूट होता. आईनं खड्याच्या मिठाचं पोतं पाठवलं होतं, बाबांनी चुन्याची दोन पोती आणली होती. चुन्यानं जनावर लवकर विरघळतं, असं आमच्याकडे म्हणतात. खरं तर चुन्यानं कुजणं लांबतं. त्याचा उपयोग वास दाबायला. दोर आणि हातमोजेही आम्ही खड्ड्यातच टाकले. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात खचते, म्हणून वर मातीचा उंच ढीग केला आणि बोरीच्या काट्या टाकल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

घरी आलो तर आईनं अंगणातच पाणी काढून ठेवलं होतं. डोक्यावरून आंघोळ होईपर्यंत उंबरठ्याच्या आत यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. शेजारच्या काकूंनी साबण द्यायचा तर तो हातात न देता दगडावर ठेवला. स्वच्छतेच्या दृष्टीनं यातलं काहीच चूक नाही. डॉक्टरांनीही साबणानं धुवा असंच सांगितलं असतं. पण दगडावर ठेवलेल्या त्या साबणाकडे पाहून मी काही क्षण थांबले. आंघोळ झाली, कपडे बदलले, चहा आला, आणि आमचं संपलं. काकूंनी कप हातात दिला. गावाच्या त्या टोकाला पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांचं मात्र गावानं आंघोळीनं कधी संपू दिलं नाही. काम एकच होतं, पाणीही त्याच शिवाराचं.

*

पुण्याला परतल्यावर मी ही गोष्ट ऑफिसातल्या दोन-तीन जणांना सांगितली, तेव्हा सगळ्यांनी आपापलं जनावर काढलं. एकीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये मेलेलं कुत्रं, एकाच्या गच्चीवरच्या टाकीमागे मांजर. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, करायचं काय? म्हणून जे मला कळलं ते इथं लिहून ठेवते.

उघड्या हातानं शिवू नका. जाड हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्या हातावर चढवा. कुत्रं असेल तर तोंड आणि लाळ यांपासून लांब राहा, कारण ते रेबीजनं मेलं नसेलच असं सांगता येत नाही. लाळ तुमच्या जखमेला किंवा डोळ्याला लागली तर धुऊन लगेच दवाखाना गाठा. लहान मुलांना आणि पाळीव कुत्र्यांना लांब ठेवा. नाका-तोंडातून न गोठणारं रक्त येत असेल तर हलवूच नका. ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. अंग फाडलं तर तिचे बीजाणू मातीत मिसळतात आणि कित्येक वर्षं जिवंत राहतात. अशा वेळी आधी पशुवैद्यकीय विभागाला कळवा. मोफत क्रमांक १९६२.

मोर, रोही, हरीण असं काही असेल तर ते पुरणंसुद्धा तुमच्या हातात नाही. आमच्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे, जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. रान सोडून आलेलं जनावर वावरात मरून पडणं नवं नाही. जागेवरच राहू द्या, वन विभागाला १९२६ वर कळवा. मोराचं एक पीससुद्धा आठवण म्हणून उचलू नका.

पुरायचं तर विहीर, बोअर, नाला यांपासून लांब. कुत्र्या-मांजराला तीन-चार फूट पुरतात, गाय-म्हशीला सहा ते आठ. नदी-नाल्यात ढकलणं हा सगळ्यात सोपा उपाय वाटतो आणि तो सगळ्यात वाईट. साथीच्या रोगानं मेलेलं जनावर पाण्यात टाकणं २००९ च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे.

शहरात असाल तर नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन करा, गाडी येते. पण फोन ठेवला की आपलं संपलं, असं समजू नका. गाडीतून उतरणारा माणूस कोण असतो, ते एकदा पाहा. त्याच्या हातात मोजे आहेत का, ते पाहा. नसतील तर त्याला काम करू देऊ नका. आधी मोजे द्या, मग आपल्या नगरसेवकाला विचारा की ते का नव्हते. आमच्या गावानं जे माणसाचं नाव घेऊन केलं, तेच शहर टोल-फ्री नंबर लावून करतं. तिथंही दोर कोणीतरी बांधतोच, आपल्याला फक्त त्याचं नाव माहीत नसतं.

*

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बाबांनी हा विषय काढला. मी नव्हते, त्यांनी रात्री फोनवर सांगितलं. त्यांची मागणी साधी होती. मोकाट जनावर मेलं तर पुरायला गावठाणापासून आणि विहिरींपासून लांब एक जागा ठरवा, आणि जेसीबीचा खर्च ग्रामपंचायतीनं करा. दोन्हीला फारसा विरोध झाला नाही. जागा सुचवल्या गेल्या, नाकारल्या गेल्या, एक ठरली.

मग सेवा केंद्रवाला तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "उचलणार कोण, तेही लिहा."

सचिवांनी पेन थांबवलं. कोणीतरी म्हटलं, ते त्या वेळी पाहू. तो म्हणाला, त्या वेळी काय होतं ते माहीत आहे, म्हणून आत्ता लिहा. बाबा म्हणाले, ज्याच्या वावरात पडलं तो आणि त्याचे दोन धुरेकरी, जात न पाहता. यावर सगळे एकदम बोलायला लागले. एखाद्याचे धुरेकरी म्हातारे असले तर? बाया असल्या तर? बाबांनी सांगितलं, "माह्या पोरीनं पाय धरले होते."

चहा येईपर्यंत हे चाललं. शेवटी सचिव म्हणाले, निदान दोन नावं सांगा, म्हणजे सुरुवात तरी होईल. पहिलं बाबांनी स्वतःचं सांगितलं. दुसऱ्यासाठी बराच वेळ गेला. मग मागून ट्रॅक्टरवाले आमचे धुरेकरी म्हणाले, "लिहा माहं."

त्यानंतर ग्रामपंचायतीनं हातमोजे किती जोड घ्यायचे, यावर वाद सुरू झाला. बाबा म्हणाले, तो अजून मिटलेला नाही. चार की सहा.